गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी
(सोलापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांच्या बाजूने जाहीर इशारा)

जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक, कार्यकारी संचालक आणि शेतकी अधिकारी, तोडणी-वाहतूक करणारे वाहनमालक, टोळ्यांचे मुकादम, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांची कार्यालये: हा इशारा आपल्या सर्वांना आहे.

येत्या हंगामात आमच्या फडात वेठबिगारी चालणार नाही. उचलीच्या बाकीपोटी डांबलेला माणूस, मध्यरात्री गाडी भरायला उठवलेली गरोदर बाई, पाचटावर झोपवलेले मूल आणि या सगळ्यांचा कागदोपत्री मालक कोणीच नाही, अशी तोडणी आम्हाला मान्य नाही. ती बंद करा. कशी बंद करायची, किती दिवसांत करायची आणि केली नाही तर काय होईल, ते खाली स्पष्ट लिहिले आहे.

आम्ही कोणत्या अधिकाराने बोलतो

ऊस आमचा आहे आणि तोडणीचे पैसेही आमचेच आहेत. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) जाहीर केली. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात येते. म्हणजे कोयता चालवणाऱ्याची मजुरी, मुकादमाचे कमिशन आणि वाहनाचे भाडे हे सगळे आमच्या बिलातून जाते. कारखाना ते पैसे फक्त हाताळतो. आमच्या पैशातून, आमच्या रानात, आमच्या नावावरच्या उसासाठी माणसे बांधून ठेवली जात असतील, तर त्याचा जाब मागण्याचा पहिला हक्क आमचा आहे. तो हक्क आम्ही आता बजावणार आहोत.

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ, मंगळवेढा या तालुक्यांत भीमेच्या पाण्याने ऊस पसरला. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. हा ऊस तोडायला धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, गंगाखेड, मंठा, कळंब, भूम इथून हजारो जोडपी दिवाळीच्या आगेमागे घर बंद करून येतात. राज्यभरात असे स्थलांतर करणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. त्यांच्याशिवाय या जिल्ह्यातला एकही बॉयलर पेटत नाही.

साखळी कशी बांधली आहे

कारखाना वाहनमालकाशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो किंवा बँकेचे कर्ज मिळवून देतो. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो. मुकादम गावात जाऊन नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, पण हिशोबात कोयता एकच आणि उचल नवऱ्याच्या हातात. बाई दिवसभर तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. तिच्या नावावर एक रुपया पडत नाही.

आमच्या कारखान्यांच्या संगणकात आज काय काय नोंदलेले आहे ते पाहा. गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात 86032 आहे की 265, ट्रॅक्टरचा नंबर, चालक, काट्यावरचे वजन, वेळ, सगळे आहे. तो ऊस कोणी तोडला, ते मात्र नाही. मजूर आजारी पडला, विहिरीत पडला, गाडीखाली सापडला की कारखाना सांगतो, मजूर वाहनमालकाचा. वाहनमालक सांगतो, मुकादमाचा. मुकादम सांगतो, तो स्वतःच्या मर्जीने आला. ही पळवाट आमच्या पैशावर उभी आहे. ती बुजवा.

उचलीचा हिशोब

जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या साखर संकुलात झालेल्या तडजोडीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. टनाला 273 रुपये होता तो 366 झाला आणि मुकादमाचे कमिशन 20 टक्के ठरले. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने झालेला हा करार मोठा विजय म्हणून सांगितला गेला. वाढ झाली हे खरे. आता तिची आकडेमोड करू.

एका कोयत्याने 1 लाख रुपये उचल घेतली, तर 366 च्या दराने ती फेडायला 273 टन ऊस तोडावा लागतो. चांगल्या फडात जोडप्याचा दिवस दोन टनांवर धरला, तरी 137 दिवस लागतात. या 137 दिवसांत एकही खाडा नाही, पाऊस नाही, ताप नाही, बाळंतपण नाही असे गृहीत धरायचे. शिवाय खायचे कशावर, हा प्रश्न बाजूला ठेवायचा, कारण आठवड्याच्या बाजाराचे पैसेही मुकादमाकडून घेतले जातात आणि तेही उचलीतच चढतात.

हंगाम तरी तेवढा चालतो का? 2024-25 चे गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले आणि सोलापुरातल्या बऱ्याच कारखान्यांचा पट्टा फेब्रुवारीतच पडला. म्हणजे शंभर दिवसांच्या आसपास. कारण उघड आहे. जिल्ह्यात कारखाने वाढले, प्रत्येकाने गाळप क्षमता वाढवली, ऊस मात्र पावसावर आणि उजनीच्या पाण्यावर अवलंबून राहिला. जेवढे कारखाने जास्त, तेवढा हंगाम आखूड. कारखानदाराचे नुकसान ताळेबंदात दिसते. मजुराचे नुकसान ‘बाकी’ म्हणून त्याच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या दारात त्याला उभे करते. माणूस आळशी म्हणून उचल फिटत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये. हा हिशोबच फिटण्यासाठी मांडलेला नाही.

बाया आणि मुले

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचे प्रकरण विधिमंडळात गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा बायांत एकीपेक्षा जास्त. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. पण शस्त्रक्रिया बीडमध्ये झाल्या म्हणून प्रश्न बीडचा ठरत नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलायला लावणारा फड सोलापूरचा आहे, सांगलीचा आहे, कोल्हापूरचा आहे. आडोसा नाही, पाणी नाही, खाडा केला तर दंड, मग बाई अंगावर दुखणे काढते आणि शेवटी दवाखान्यात जाऊन पिशवीच काढून टाकते. हे दुखणे जिथे लागते तिथेच त्यावर उपाय झाला पाहिजे.

डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने तीन जणांचा जीव घेतला. त्यांत ऊसतोड मजुराची एक लहान मुलगी होती. बिबट्याला शोधायला मोठी यंत्रणा राबली आणि अखेर त्याला गोळी घालण्यात आली. फडाच्या कडेला राहणाऱ्या पोरांना रात्री सुरक्षित निवारा देण्यासाठी कारखान्यांनी त्यानंतर काय केले, याचे उत्तर प्रत्येक कारखान्याने द्यावे. ऊस हे बिबट्याचे लपण आहे, हे आता जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी मजुरांच्या कोप्या उसाच्या बांधावरच पडतात.

शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने मिळाला आहे. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, गावाकडे हंगामी वसतिगृहांची योजना आहे, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे उभारण्याचा निर्णय 2021 मध्येच झाला. योजना कमी नाहीत. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडात बसलेली असते, तेव्हा यांतली एकही योजना तिच्यापर्यंत पोचलेली नसते.

कायदा काय सांगतो

आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचे कुठेही जाण्याचे, दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले की ती वेठबिगारी होते. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्द ठरते, ते वसूल करता येत नाही आणि वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा राबवण्याची जबाबदारी थेट जिल्हाधिकाऱ्यांवर आहे, आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असणे बंधनकारक आहे. सुटका झालेल्या माणसाला तातडीचे 30,000 रुपये आणि पुढे पुनर्वसनासाठी 1 ते 3 लाख रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा संविधानाच्या कलम 23 खाली सक्तीची मजुरीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होतो.

एक फट मात्र खरी होती. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा फक्त राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून माढ्याला येणारा मजूर त्याच्या बाहेर राहिला. ही फट बुजवायला आधार शोधत बसण्याची गरज नाही. महाराष्ट्राने 1969 मध्येच माथाडी कायदा करून दाखवला आहे: मालकाने मजुरी आणि लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने मजुरी हमालाच्या हाती द्यायची.

सोलापूरला तर उदाहरणासाठी शहराबाहेरही जावे लागत नाही. विडी वळणाऱ्या बायाही घरोघर विखुरलेल्या, कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या. पण कायद्याने आणि त्यांच्या स्वतःच्या लढ्याने त्यांना ओळखपत्र मिळाले, भविष्य निर्वाह निधी मिळाला. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 मध्ये दहा हजार घरे उभी राहिली. जानेवारी 2024 मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या कष्टकऱ्यांना मिळाल्या. विडी वळणाऱ्या बाईची नोंद ठेवणे ज्या जिल्ह्याला जमले, त्याला ऊस तोडणाऱ्या बाईची नोंद ठेवणे जमत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

जी कारणे दिली जातील, त्यांना आताच उत्तर

‘मुकादम आणि मजूरच उचल घेऊन पळतात.’ वाहनमालकांना लाखो रुपयांना फसवल्याचे गुन्हे राज्यातल्या पोलीस ठाण्यांत नोंदलेले आहेत. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण त्यात उद्ध्वस्त होतो, त्याचे दुःख आम्हाला कळते, तो आमच्याच घरातला आहे. पण वसुलीसाठी माणसे गाडीत घालून नेणे, बायकोला ओलीस ठेवणे हा उपाय नव्हे, गुन्हा आहे आणि तोही पोलिसांत नोंदला जातो. रोख रक्कम, कोरा बॉन्ड आणि मुकादमाचा शब्द यांवर व्यवहार चालतो म्हणून फसवणूक होते. नाव, आधार आणि बँक खाते यांवर तो चालला, तर वाहनमालकही वाचेल आणि मजूरही.

‘मजूर शेतकऱ्याकडून खुशाली उकळतात.’ उकळतात. ती आम्हीच देतो, आणि साखर आयुक्तालयाने अशा पैशांविरुद्ध तक्रार करण्याचे सांगितलेलेही आहे. पण आमच्या बिलातून मजुरी कापली गेल्यावरही फडात उभा असलेला माणूस रिकाम्या हाताचा असेल, तर आमचा सवाल त्याच्या आधी तुम्हाला आहे: कापलेले पैसे कुठे गेले?

‘आता हार्वेस्टर आला आहे.’ येऊ द्या. लहान तुकड्यांत, पडलेल्या उसात, अरुंद सरीत अजून अनेक वर्षे कोयताच चालणार आहे. आणि यंत्र आल्यावर ज्यांना घरी पाठवणार, त्यांचा जुना हिशोब चुकता करण्याची जबाबदारी यंत्राने संपत नाही.

आमच्या मागण्या

1. टोळीतल्या प्रत्येकाची, बाईची स्वतंत्र, नोंद कारखान्याच्या नोंदवहीत व्हावी. कारखान्याच्या सही-शिक्क्याचे ओळखपत्र फडात उतरण्याआधी हातात पडावे. ही यादी जिल्हाधिकारी आणि ग्रामपंचायतीकडे द्यावी.

2. उचल मजुराच्या बँक खात्यात जमा व्हावी. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही घेऊ नये. दर पंधरवड्याला छापील हिशोब मिळावा. हंगाम संपल्यावर राहिलेली बाकी जबरदस्तीने वसूल करणार नाही, असे कारखान्याने लेखी जाहीर करावे.

3. मजुरी नवरा आणि बायको यांच्या वेगवेगळ्या खात्यांत, निम्मी-निम्मी. काटापावतीची प्रत टोळीला मिळावी. मुकादमाचे कमिशन वेगळे द्यावे, मजुरीतून कापू नये.

4. तळ फडापासून दूर, उंच जागी असावा. पत्र्याचा निवारा, पिण्याचे पाणी, वीज, बायकांसाठी दार लागणारे शौचालय आणि न्हाणीघर, रात्रीसाठी कुंपण हवे.

5. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला मोळी उचलायला आणि रात्रीच्या भरणीला लावू नये. पाळीच्या दिवसांत विश्रांती घेतली तर खाडा धरू नये. प्रत्येक तळावर पंधरवड्याला आरोग्य तपासणी व्हावी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा क्रमांक प्रत्येक तळावर लिहिलेला असावा.

6. टोळ्या आल्यापासून आठ दिवसांत जिल्हा परिषदेने मुलांची नोंद करून त्यांना जवळच्या शाळेत बसवावे. शाळा लांब असेल तर कारखान्याने वाहन द्यावे किंवा तळावर साखरशाळा आणि पाळणाघर चालवावे. चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हातात कोयता दिसला, तर ती कारखान्याची जबाबदारी धरली जाईल.

7. पहिला कोयता पडण्याआधी प्रत्येकाचा अपघात विमा उतरवलेला असावा.

8. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये ठरले आहेत. एक कोटी टन गाळपामागे हे दहा कोटी होतात. प्रत्येक कारखान्याने आजवर किती टनांचे किती रुपये भरले, ते गेटवरच्या फलकावर लिहावे.

मुदत आणि परिणाम

पहिली मुदत 30 सप्टेंबर. तोपर्यंत सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. सभासदांनो, या आठ मागण्या लेखी प्रश्न म्हणून सभेच्या आधी कार्यालयात द्या, आवक क्रमांक घ्या, आणि सभेत उत्तर मागा. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय गुंडाळू देऊ नका. उत्तर इतिवृत्तात आले पाहिजे. खासगी कारखान्यांकडे हेच निवेदन गट कार्यालयातून द्यायचे आहे.

दुसरी मुदत दसरा. त्या दिवशी कोणत्या कारखान्याने काय मान्य केले आणि कोणी नाही, याची यादी गावोगाव लावली जाईल. ज्या कारखान्याने पहिल्या तीन मागण्यासुद्धा मान्य केल्या नाहीत, त्याला गाळप परवाना देऊ नये, अशी हरकत साखर आयुक्तांकडे नोंदवली जाईल.

तिसरी मुदत मोळीपूजन. गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याच्या दिवशी ज्या कारखान्याकडे मजुरांची यादी नसेल, त्याची तोडणी आम्ही आमच्या बांधावर थांबवू. सोलापुरात ऊस उभा राहील ही भीती आम्हाला दाखवू नका. इथे तीसहून अधिक कारखाने आहेत आणि दर हंगामात शेतकी विभागाची माणसे उसासाठी आमच्या वस्त्यांवर चकरा मारतात. आम्ही माणसे नोंदवणाऱ्या कारखान्याला ऊस देऊ. ऊस देण्याचे उपविधीतले बंधन पुढे करून धाक घालू नका; कायदा मोडून तोडणी करण्याचे बंधन कोणताही उपविधी घालू शकत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर कुठेही मजुराला अडवले, मारले, डांबले असे कळले, तर त्याच दिवशी तहसीलदार, प्रांताधिकारी आणि पोलीस ठाण्यात 1976 च्या कायद्याखाली लेखी तक्रार जाईल. त्या तक्रारीत मुकादमाच्या नावाबरोबर ज्याच्या काट्यावर तो ऊस जाणार होता त्या कारखान्याच्या अध्यक्षाचे आणि कार्यकारी संचालकाचे नाव असेल. मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालांची 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे. आमची प्रत्येक तक्रार त्या न्यायालयापुढेही ठेवली जाईल. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्राच्या साखरेतल्या या शोषणाची बातमी जगभर नेली, तेव्हा मोठमोठ्या शीतपेय कंपन्यांना खुलासे द्यावे लागले. साखर कोणाला विकली जाते, ते आम्हालाही कळते. खरेदीदारांनाही आमची पत्रे जातील.

वाहनमालकांना आणि मुकादमांना वेगळे सांगणे आहे. तुम्ही नोंदणीच्या बाजूने उभे राहिलात, तर तुमच्या बुडालेल्या पैशांसाठी कारखान्याशी आम्हीही भांडू. माणसाच्या अंगाला हात लावलात, तर आमच्या वस्तीवर तुम्हाला थारा नाही.

शेतकरी बांधवांनो, आपल्या मोटारीचे पाणी तळाला द्या, रात्रीची भरणी नाकारा, आणि फडात आलेल्या बाईला नावाने हाक मारा. तिची नोंद कारखान्याने केली आहे का, हे पावतीवर सही करण्याआधी विचारा.

कोयता हाती घेणाऱ्या बंधू-भगिनींनो, उचल घेतली म्हणून तुम्ही कोणाच्या मालकीचे होत नाही. मजुरीचा हिशोब मागा. कोणी अडवले तर गावच्या पोलीस पाटलाला, तहसीलदाराला किंवा आमच्यापैकी कोणालाही सांगा. आम्ही तुमच्याबरोबर कचेरीत येऊ.

जिल्हाधिकारी महोदय, दक्षता समित्यांची बैठक हंगामाआधी घ्या आणि समितीत ऊसतोड महिलांना बसवा. हंगाम सुरू झाल्यावर पाहणीला जाऊ म्हणालात, तर उशीर झालेला असेल.

कारखानदारांनो, या आठ मागण्यांपैकी एकही नवी नाही आणि एकही अशक्य नाही. प्रत्येक टनाचा हिशोब तुम्ही किलोपर्यंत ठेवता. आता तो तोडणाऱ्या माणसाचा ठेवा. पहिला जाब 30 सप्टेंबरला मागितला जाईल, शेवटचा मोळीपूजनाच्या दिवशी. त्यानंतर यादीत नाव नसलेल्या मजुराकडून आमचा एकही ऊस तोडू दिला जाणार नाही.